मे अखेरीस मुंबईजवळ मुलांना स्वतः तोडून खाता येतील अशी फळं कुठे?

डोंबिवलीची आत्या

नमस्कार मंडळी. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं (मोठी दहाची, धाकटा सातचा) 25 मेला डॅलसहून येतायत. तिकडे शाळा सुटली की ही मंडळी दरवर्षी ब्लॅकबेरीच्या शेतावर जातात. डबा घ्यायचा, ओळीओळीने फिरत भरायचा, शेवटी वजन करून पैसे द्यायचे. यंदा ते हुकणार म्हणून धाकटा रुसलाय. मी फोनवर "अरे, आपल्याकडे पण करू की!" म्हणून मोकळी झाले.

तर इथे जवळपास ब्लॅकबेरीचं शेत आहे का? नसेल तर त्या दिवसांत दुसरं काय तोडता येईल? एका दिवसात जाऊन यायचंय. भाऊ इथे गाडी चालवायला तयार नाही आणि यांचे गुडघे चढणीला नाही म्हणतात.

वीकेंड_भटका

सरळ महाबळेश्वर-पाचगणी करा. स्ट्रॉबेरीची शेतं, आत सोडतात, मुलं खूश. वाटेत भिलारला पुस्तकांचं गाव पण बघून होईल.

मुरबाडची माहेरवाशीण

भटकेभाऊ, मे संपताना स्ट्रॉबेरी कुठली आणणार? तिचा हंगाम थंडीत सुरू होतो नि एप्रिलपर्यंत आटोपतो. नंतर तिथे मिळतो तो जॅम आणि क्रीम. शिवाय डोंबिवलीहून महाबळेश्वर एका दिवसात म्हणजे मुलांनी फक्त घाट आणि उलटीच्या पिशव्या बघायच्या.

ताई, ब्लॅकबेरीचा नाद सोडा. तिला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, आपल्याकडची हवा तिला मानवत नाही. पण तुमची तारीख ऐकून मला हसूच आलं, कारण ते करवंदांचे शेवटचे आठवडे. डोंगराची काळी मैना! काळं फळ, काटेरी जाळी, बोटं जांभळी. धाकट्याला आणखी काय हवं?

कर्जत, नेरळ, मुरबाड, शहापूर, कसारा, या सगळ्या पट्ट्यात करवंद आहे. तुम्हाला कर्जत सोयीचं, लोकल दारातून जाते. सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा. मे महिन्यात कर्जतचा पारा चाळिशी गाठतो, अकरानंतर तिथे उभं राहवत नाही. आणि रविवार टाळा, मेगाब्लॉकमध्ये परतीचे हाल होतात. शनिवार बरा.

जायचं कुठे, तर एखाद्या कृषी पर्यटनवाल्याकडे किंवा ओळखीच्या शेतघरावर. बऱ्याच जणांच्या बांधाला कुंपण म्हणून करवंदीच्या जाळ्या असतात, त्यामुळे सपाटीवरच काम होतं आणि गुडघ्यांचाही प्रश्न मिटतो. आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: "जाळीला फळ शिल्लक आहे का?" आणि "मुलांना तोडू द्याल का?" नुसतं "करवंदं मिळतील का" विचारलंत तर टोपली भरून समोर ठेवतील आणि मुलं हिरमुसतील. पैशांचंही तेव्हाच बोलून घ्या. तिकडच्यासारखा वजनकाटा बहुतेक ठिकाणी नसतो, माणशी किंवा टोपलीवर ठरतं.

आता तोडायचं कसं. मुलांना ब्लॅकबेरी कळते म्हणजे अर्धं शिक्षण झालेलंच आहे. तिची चकाकी जाऊन ती जराशी मंद काळी झाली की गोड, आणि हलक्या ओढीने हातात येते, हे ती तुम्हालाच सांगतील. करवंदाचंही तसंच, हात लावताच आलं पाहिजे. ओढावं लागलं तर देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि ओठांना चिकटून बसतो. निघतानाच बोटांना नि ओठांना खोबरेल लावा. तोडलेली करवंदं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुवा, मग खा. तरी अती खाल्ली तर घसा धरतोच, आत्याने डोळे वटारायची तयारी ठेवावी.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि टाकून द्यायच्या लायकीचे. वहिनींना सांगा, फोटोसाठी पांढरा सदरा नको. काटे जोडीजोडीने असतात आणि शर्ट सोडत नाहीत. तोडलेलं फळ प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, लोकलमध्ये गर्दीत त्याचा रस्सा होतो. पसरट टोपली किंवा स्टीलचा डबा न्या. घरी येऊन त्याच दिवशी संपवा.

आणि एक खेळ शिकवाच. करवंद दातांनी अर्धं तोडायच्या आधी विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. आम्ही भावंडं यावरून मारामारीपर्यंत जायचो. डॅलसच्या शेतात हे नाही!

हिरवी करवंदं मिळाली तर माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी आणा. ठेचून, लाल तिखट, मीठ, गूळ. पोळीबरोबर.

रानवाटा

माहेरवाशीण ताईंशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. रस्त्याकडेला जाळी दिसली म्हणून गाडी थांबवून जंगलात शिरू नका. कर्नाळा, तुंगारेश्वर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून फळ तोडून नेता येत नाही. बाकी जंगलातही रानमेवा गोळा करायचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने तिथल्या आदिवासींना दिलेला आहे. त्यांचा मे महिना त्यावर चालतो. स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. तुमच्या मुलांचा डबा अर्धाच भरणार, उरलेला त्यांच्याकडून भरा आणि घासाघीस करू नका.

दुसरं, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. उन्हाळ्यात दगडांखाली, पाचोळ्यात असतं, आणि इतकं लहान की चटकन दिसत नाही. चपला-सँडल नको, बूट हवेत. हात घालण्याआधी काठीने जाळीचा बुंधा हलवायचा. खाली पडलेलं फळ उचलायला मुलांना जाळीखाली सरपटू देऊ नका.

डोंबिवलीची आत्या

किती छान! हे म्हणाले, "फुरशाचं वहिनीला सांगू नकोस." मी सांगणार आहे, नाहीतर ती सँडलच घालून येईल. कर्जतच्या अलीकडे एका शेतघराचा नंबर मिळाला. मालक म्हणाले, फळ आहे, पण पाऊस लवकर आला तर खात्री नाही. भाऊ 25 ला उतरणार, मुलांची झोप जागेवर यायला तीन-चार दिवस. म्हणजे 30 च्या आसपास. उशीर होईल का?

मुरबाडची माहेरवाशीण

30 चालेल, त्यापुढे ढकलू नका. मुंबईत पावसाची सरासरी तारीख 11 जून, पण वळवाच्या एका सरीने पिकलेली करवंदं गळतात, उरलेली पाणचट होतात. झोप जागेवर यायची वाट कशाला बघता? अमेरिकेहून आलेली पोरं पहिले दिवस पहाटे तीनलाच टक्क जागी असतात. पहिल्या लोकलला याहून चांगला मुहूर्त नाही.

आणि पाऊस आलाच, तर पालघरकडे बहाडोलीची जांभळं. तिथे झाडावर चढणारा माणूस वेगळा लागतो, मुलांच्या हातात फळ खाली उतरल्यावरच येतं. त्यामुळे ते दुसऱ्या नंबरवर ठेवा.