फ्लॅशचा १९५९ मधला पहिलाच अंक १०५ क्रमांकाचा कसा?

कालरेषा
अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा १९३८ ते १९६१ असा तक्ता करतो आहे. नवा फ्लॅश, बॅरी ॲलन, 'शोकेस' या नव्या पात्रांची चाचणी घेणाऱ्या मासिकाच्या चौथ्या अंकात १९५६ ला आला, पण त्याचं स्वतःचं 'द फ्लॅश' निघालं १९५९ ला, तेही थेट १०५ पासून. हे टपाल खात्याच्या नियमामुळे असं वाचलं, ते खरं का? तक्त्यात मुखपृष्ठावरचा महिना धरावा का? आणि १९५४ च्या कॉमिक्स कोडने (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली आशयाची नियमावली) सुपरहिरो संपवले म्हणतात, पण माझ्या यादीतले बहुतेक त्याआधीच गायब आहेत.

छपाईशाई
आधीचे १०४ अंक 'फ्लॅश कॉमिक्स'चे, जानेवारी १९४० ते फेब्रुवारी १९४९. तो जुना फ्लॅश म्हणजे 'जे गॅरिक' नावाचा, शिरस्त्राणवाला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या नव्या फ्लॅशला मासिक मिळालं तेव्हा क्रमांक तिथून पुढे चालवला.

टपालाची भानगड खरी आहे. वर्गणीदारांना अंक स्वस्तात पाठवायचे तर सेकंड क्लास परवाना लागायचा, आणि तो प्रत्येक नियतकालिकाला वेगळा, शुल्क भरून. त्यामुळे प्रकाशक मासिक बंद करण्याऐवजी त्याचं नाव बदलायचे आणि क्रमांक चालू ठेवायचे. 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स' ९२ नंतर 'मार्व्हल टेल्स' ९३. 'ऑल स्टार कॉमिक्स' ५७ नंतर 'ऑल स्टार वेस्टर्न' ५८, म्हणजे सुपरहिरोंची टोळी जस्टिस सोसायटी गेली आणि काउबॉय आले. टपाल खातं दर वेळी डोळेझाक करायचं असं नाही. ईसी या प्रकाशकाने एका प्रेमकथांच्या मासिकाचं 'वीअर्ड फँटसी' करून १३ पासून सुरुवात केली, तर १७ नंतरचा अंक खरा क्रम मोजून ६ क्रमांकाने काढावा लागला.

कॉमिकमध्ये मध्येच येणारी दोन पानी, चित्रांशिवायची रटाळ गोष्टही याच परवान्याची देणगी. अंकात थोडा निव्वळ मजकूर असणं सक्तीचं होतं. पुढे ती जागा वाचकांच्या पत्रांनी घेतली.

मुद्राराक्षस
नियम बरोबर, पण फ्लॅशला तो लावणं मला पटत नाही. वरची उदाहरणं सलग चाललेल्या मासिकांची आहेत. इथे मध्ये दहा वर्षांची खिंडार आहे. शिवाय जुनं 'ग्रीन लँटर्न' १९४९ मध्ये ३८ व्या अंकावर थांबलं होतं. फ्लॅशच्याच कंपनीने, श्वार्ट्झ यांच्याकडूनच १९६० मध्ये नवं काढलं ते १ पासून. परवाना वाचवायचा असता तर ३९ छापला असता.

१०५ मागे विक्रीचा हिशेब जास्त दिसतो. स्टँडवर जागा मोजकी, मासिकं शेकडो. नवं कोरं मासिक विक्रेत्याला जोखमीचं वाटायचं, तीन आकडी क्रमांक म्हणजे चालणारा माल. पुढे संग्राहकांमुळे पहिल्या अंकाला भाव आला आणि हे गणित पार उलटलं.

१९५६ ते १९५९ हा उशीरही त्याच व्यवस्थेतला. न विकलेल्या अंकांचे पैसे परत मिळत. विक्रेता मुखपृष्ठ किंवा त्यावरचा नावाचा पट्टा फाडून परत पाठवायचा, त्यामुळे खरा खप कळायला महिने जात. म्हणून फ्लॅशची चाचणी 'शोकेस'च्या ४, ८, १३ आणि १४ अशा चार अंकांत लांबली.

पिनबांधणी
तारखेबद्दल: मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे साधारणपणे अंक स्टँडवरून उतरवण्याची वेळ. विक्री त्याआधी दोनेक महिने सुरू व्हायची, कधी जास्तही. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स' १ वर मार्च १९४१ आहे, पण तो डिसेंबर १९४० मध्येच विकायला आला. हिटलरला ठोसा मारणारं ते चित्र पर्ल हार्बरच्या वर्षभर आधीचं. कव्हर डेट धरली की यातले तीन महिने खाल्ले जातात.

दोन्ही तारखांना वेगळे रकाने ठेवा. विक्रीच्या तारखेसाठी अमेरिकेच्या कॉपीराइट नोंदींची छापील सूची बघा. मात्र त्यातली तारीख प्रकाशकाने सांगितलेली असते. काही प्रतींवर विक्रेत्याने माल आल्याची तारीख पेन्सिलीने किंवा शिक्क्याने टाकलेली सापडते, ती ताडून पाहायला बरी. मासिकाचं नाव मुखपृष्ठावरून उचलू नका. आतल्या बाजूला, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत इंडिशिया असतो, अधिकृत नाव तिथलं. 'जर्नी इंटू मिस्टरी'च्या मुखपृष्ठावर 'थॉर' ठळक झाला तरी मासिकाचं नाव १२६ व्या अंकापासून (मार्च १९६६) बदललं.

मुद्राराक्षस
कोडबद्दल तुमची यादी बरोबर आहे. कोड ऑक्टोबर १९५४ चा, आणि सुपरहिरोंची पडझड १९४९ ते १९५१ मधली. युद्ध संपल्यावर वाचक गुन्हेगारी, प्रेमकथा, वेस्टर्न आणि भयकथांकडे गेला. 'कॅप्टन अमेरिका'चं तर ७४ व्या अंकापासून 'कॅप्टन अमेरिकाज वीअर्ड टेल्स' झालं आणि ७५ व्यात (फेब्रुवारी १९५०) कॅप्टन अमेरिका औषधालाही नाही! फॉसेट या प्रकाशकाचा कॅप्टन मार्व्हल १९५३ मध्ये गेला, पण नॅशनलबरोबरच्या (सुपरमॅनचे प्रकाशक, आजची डीसी) खटल्यातल्या तडजोडीमुळे. खप आधीच घसरला होता. अखंड चालू राहिले ते सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, आणि 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या मागच्या पानांवर ॲक्वामॅन, ग्रीन ॲरो. कोडचा खरा घाव बसला ईसीच्या भयकथांवर.

छपाईशाई
ग्रीन लँटर्नचा मुद्दा मान्य. तक्त्यासाठी आणखी एक खड्डा: 'ह्यूमन टॉर्च' ३५ नंतर १९४९ मध्ये त्याचं 'लव्ह टेल्स' ३६ झालं. १९५४ मध्ये ॲटलसने (आजची मार्व्हल) टॉर्चला परत आणलं आणि त्यालाही ३६ दिला. क्रमांकावरून रांग लावली तर दोघे एकमेकांवर आदळतील, तेव्हा नाव, क्रमांक आणि वर्ष तिन्ही मिळून नोंद करा.