मदत हवी आहे : योम किप्पुर, सासूबाई आणि इन्सुलिन

शालोम मंडळी. यंदा योम किप्पुर (आपल्या ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस) २० सप्टेंबर २०२६, रविवारी सूर्यास्ताला लागतोय. सासूबाई अलिबागहून आमच्याकडे ठाण्याला येणार आहेत. वय ७८, रोज दोन वेळा इन्सुलिन. लहानपणापासून एकही उपास सोडलेला नाही, तोही निर्जळी, जवळजवळ २५ तासांचा. यंदाही करणारच म्हणतात.

जिवाला धोका असेल तर खाणं हीच मित्सवा (धर्माज्ञा), हे मी त्यांना सांगून थकले. ‘कोल निद्रे (त्या संध्याकाळची पहिली प्रार्थना) ऐकून पोहे खायचे होय?’ हे त्यांचं उत्तर. (माझं त्यांच्यापुढे काही चालत नाही, नवऱ्याचं त्याहून नाही.) डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय, त्यामुळे इन्सुलिनचा सल्ला नकोय. तो त्यांच्याकडूनच घेऊ.

मला विचारायचंय ते असं : आजारी माणसाने थोडं थोडं, ठरावीक अंतराने खाण्या-पिण्याची मुभा आहे ना, ती तुमच्या घरी कुणी पाळली आहे का? मापाला काय वापरलंत, औषधाचं झाकण? आणि घड्याळ कोण बघत बसलं?

दुसरं, शआर हाशामाईममध्ये (ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनास्थळ) नेइलापर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या प्रार्थनेपर्यंत थांबायचा त्यांचा हट्ट आहे. त्या दिवशी गाडीत बसणार नाहीत, चामड्याची चप्पल चालणार नाही, त्यात गणपतीची गर्दी. सिनेगॉगजवळ एका रात्रीपुरती तळमजल्यावर खोली मिळेल का?

आणि कुणा वडीलधाऱ्यांनी त्यांना फोन करून समजावलं तर फार बरं होईल. सुनेचं ऐकणार नाहीत, हज्जानांचं (प्रार्थना चालवणाऱ्यांचं) कदाचित ऐकतील.