लिशियन वे : पाण्याच्या हिशोबाने चालायची वाट (तपशीलवार अनुभव लिहा)

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, फेथियेजवळच्या ओवाजिकपासून अंतालियाच्या अलीकडच्या डोंगरापर्यंत सुमारे ५४० किलोमीटरची ही पायवाट. जुने रोमन रस्ते, गाढववाटा आणि मेंढपाळांच्या वाटा जोडून केट क्लाऊ या ब्रिटिश बाईंनी ती आखली आणि १९९९मध्ये ती खुली झाली. सलग चालायला महिना लागतो, त्यामुळे बहुतेक जण आठ-दहा दिवसांचा तुकडा उचलतात. समुद्र निळाशार असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लिटर, तास, चढ आणि चुकायच्या जागा लिहा. मार्च ते मेचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे हंगाम गृहीत धरूया. जुलै-ऑगस्टचा विचारच नको. (खाली प्रत्येकाचं उत्तर त्याच्या टोपणनावाखाली आहे.)

कातळटाकं
सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. इथला डोंगर चुनखडीचा. पाऊस पडतो, पण भेगांमधून थेट खाली जातो, वर ओढा टिकत नाही. म्हणून वाटेवर जागोजागी ‘सारनिच’ लागतात, म्हणजे गोल घुमटाच्या छपराची, आतून गिलावा केलेली टाकी. आपल्या गडांवरचं टाकं अखंड काळ्या कातळात खोदलं की बरेचदा तसंच पाणी धरतं. इथे गिलावा फुटला की टाकं संपलं. त्यामुळे नकाशावर टाकं दिसलं म्हणून बाटल्या रिकाम्या करू नका.

झाकणापाशी दोरी-बादली असतेच असं नाही. ५-६ मीटर पातळ दोरी आणि वरून कापलेली एक लिटरची प्लास्टिक बाटली सोबत ठेवा. बाटलीच्या कडेला एका बाजूने छोटा दगड बांधा, नाहीतर ती पाण्यावर नुसती तरंगते आणि भरत नाही. काढलेलं पाणी आधी कापडातून गाळा, मग फिल्टर किंवा क्लोरीनची गोळी. गोळीला किमान अर्धा तास द्या, पाणी गार असेल तर जास्त. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग नाही, तिचा जोर गाळावरच खर्च होतो.

एप्रिलमध्ये माणशी ३ लिटर पुरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ४ ते ५ लिटर घ्या, कारण उन्हाळाभर उपसून टाक्यांचा तळ उघडा पडलेला असतो.

उजवीकडेवळा
खुणा पांढऱ्या-लाल, एकाखाली एक दोन पट्टे, दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर. वाट वळते तिथे पट्टाही वाकवलेला असतो. लाल फुली म्हणजे इकडे जाऊ नका. पाच-सात मिनिटं एकही खूण दिसली नाही की शेवटच्या खुणेपर्यंत परत जा, पुढे शोधत बसू नका. मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक असतात आणि त्या काटेरी ओकच्या झुडपात नेऊन सोडतात. नवीन मातीचा रस्ता काढताना बुलडोझरने खुणेचा दगडच उचलला, असंही होतं. म्हणून फोनवर वाटेचा जीपीएस ट्रॅक उतरवून ठेवा.

पहिला टप्पा ओवाजिक ते फाराल्या, ५ ते ६ तास. त्यापुढे काबाकच्या किनाऱ्यावरून अलिंजा गावापर्यंत सातशे मीटरहून जास्त चढ, बराचसा पाइनच्या सावलीत. पण उतरताना त्याच पाइनच्या वाळक्या सुया बुटाखाली छर्र्यासारख्या सरकतात. काठ्या दोन हव्यात. चुनखडी कोरडी असली तर कानशीसारखी, पातळ तळवा आठवड्यात खाऊन टाकते. ओली झाली की साबण.

फाराल्याहून फुलपाखरांच्या दरीत दोर धरून उतरायची एक वाट आहे. तिथे माणसं दगावली आहेत. दरी बघायचीच तर ओल्युदेनिझहून बोटीने जा.

शिळालेख
पाण्याचाच विषय आहे तर देलिक्केमेर चुकवू नका. कालकान ते पतारा या टप्प्यात, एका खिंडीत मोठमोठ्या ओबडधोबड दगडांची भिंत आहे आणि तिच्या माथ्यावर दगडी नळ. प्रत्येक चौकोनी दगडाला आरपार गोल भोक. एका तोंडाला उंच कडा, दुसऱ्याला तशीच खोबण. एकात एक बसवून सांधे चुन्याने बुजवलेले. पाणी एका डोंगरावरून दाबाखाली खिंडीत उतरायचं आणि समोर पुन्हा चढायचं. सुटे पडलेले दगड वाटेशेजारीच आहेत, त्यांच्या भोकात क्षारांचं पुट हाताला लागतं.

हे पाणी पताऱ्याला जायचं. तिथलं सभागृह लिशियन संघाचं, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियातल्या नगरांच्या संघाचं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो, २३ नगरं, त्यातल्या सर्वांत मोठ्यांना तीन मतं, मधल्यांना दोन, बाकीच्यांना एक. झान्थोस आणि लेतून ही प्राचीन स्थळं १९८८पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. लेतूनचा लिशियन, ग्रीक आणि अरामी असा तीन भाषांचा शिलालेख मात्र तिथे शोधू नका, तो फेथियेच्या संग्रहालयात आहे.

धनगरवाडा
कुत्रे. कळपाचे असतात, तुमच्यावर त्यांचा राग नसतो. कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. अंगावर आला तर पळायचं नाही. थांबा, मेंढपाळाला हाक मारा, दगड उचलल्यासारखं वाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

शाकाहारी_पण_भुकेला
पान्सियोनमध्ये (घरगुती लॉजमध्ये) ‘यारिम पान्सियोन’ म्हणा, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. नुसतं ‘एत योक’ (मांस नाही) पुरत नाही, कारण अनेकांच्या लेखी कोंबडी ‘एत’मध्ये मोडत नाही. ‘तावुक योक, बालिक योक’ (कोंबडी नाही, मासे नाहीत) हेही जोडा. मसूरचं सूप निर्धास्त मागवू नका, ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारा. ग्योझलेमे म्हणजे पातळ पोळीत चीज, पालक किंवा बटाटा भरून तव्यावर भाजलेली घडी. सोबत आयरान, म्हणजे आपलं मिठाचं ताक. घामानंतर त्याच्यासारखं काही नाही. गॅसचा डबा विमानात चालत नाही, फेथिये किंवा अंतालियात घ्या आणि स्टोव्हला लागतो तसा आट्यांचाच आहे ना, ते बघून घ्या.

पूर्वेकडचा
सगळे पश्चिमेचंच लिहितात! काराओझ ते आद्रासान हा गेलिदोन्या भूशिराच्या दीपगृहावरून जाणारा पूर्ण दिवसाचा पल्ला, मध्ये भरवशाचं पाणी नाही. पहाटे निघा. याच भूशिराजवळ १९६०मध्ये कांस्ययुगातल्या जहाजाचं उत्खनन झालं होतं.

चिरालीला यानारताश : खडकाच्या फटींतून येणारा वायू आपोआप जळत राहतो. फाटकापासून अर्धा तास चढ. अंधारात ज्वाळा चांगल्या दिसतात, पण पायऱ्या वेड्यावाकड्या आहेत, डोक्याचा टॉर्च हवाच.

पुढे वाट फुटते. एक फाटा किनाऱ्याने, दुसरा बेयजिकवरून २,३६६ मीटरच्या ताहतालीच्या खांद्यावरून. एप्रिलमध्ये खांद्यावर बर्फ असू शकतं आणि खुणा जमिनीलगतच्या दगडांवर असल्याने त्याखाली जातात. बेयजिकमध्ये चौकशी करूनच वर जा.

उजवीकडेवळा
@पूर्वेकडचा, एक भर. बर्फ वितळतं तेव्हा त्या बाजूचे झरे वाहते असतात, तिथे दोन लिटरवर भागतं. उरलेलं ओझं गरम कपड्यांना द्या.