विषय: भुंग्यांसाठी ओंडके: नाशिकला जमेल का?

नमस्कार मंडळी,
रविवारी इथे इंग्लंडमध्ये, केंटला, आमच्या सामायिक कुरणात ओंडके पुरले. ओकचे, सालीसकट, उभे, अर्धा मीटर खोल. स्टॅग बीटल नावाच्या भुंग्यासाठी. त्याची मादी कुजक्या लाकडाजवळ जमिनीत अंडी घालते आणि अळी तीन ते सात वर्षं ते लाकूड खात राहते. भुंगा होऊन वर आला की जेमतेम एक उन्हाळा. आईच्या सोसायटीमागे गंगापूर रोडला मोकळं गवताळ रान आहे. तिथे करावं असं फार वाटतंय. काका, तुम्ही आता तिथेच असता, सांगाल का?

---

अगं, जरूर कर. पण तिकडची रीत जशीच्या तशी नको.

तो भुंगा आपल्याकडे येणार नाही. आपले कुजक्या लाकडातले भुंगे वेगळे, त्यांनाही घर हवंच आहे. लाकूड मात्र बघून घे. निफाडला भावाची द्राक्षबाग आहे. वेलीच्या बुंध्याशी भुसा दिसला की तो भोकात तार घालून भिरूड, म्हणजे द्राक्षाचं नि बाभळीचं खोड पोखरणारी अळी, काढतो, अख्खी सकाळ जाते त्यात. म्हणून द्राक्षाचं आणि बाभळीचं लाकूड नको, आणि बागेच्या आसपास तर हा उद्योगच नको. नारळाचं खोडही नको, त्यात नारळाची झाडं पोखरणारा गेंडा भुंगा वाढतो. वादळात पडलेल्या आंब्याचं जाड खोड चालेल.

जागा सावलीतली धर, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड कोरडं ठाक पडेल. दोन फूट खड्डा घे आणि फटींत माती ठासून भर, म्हणजे सापाला आडोसा मिळत नाही. वाळवी लागणारच. कुणालाही औषध ओतू देऊ नकोस, अळ्याही मरतील.

मी आमच्या कॉलनीत सात ओंडके पुरले होते. दुसऱ्या वर्षी पोरांनी होळीसाठी उपटले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, चूक माझी. एका ओंडक्याखाली अंगठ्याएवढी पांढरी अळी होती, अर्धवर्तुळात वळलेली, डोकं विटकरी. भोवती लाकडाचा ओला भुगा. शेजारी ‘हुमणी!’ म्हणाले आणि मी पुढे होईपर्यंत चप्पल पडली. हुमणी जिवंत मुळं खाते गं. ही तर मेलेलं लाकूड खात होती. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

---

काका, आईला फोन केला. मागच्या वळवात पडलेला आंबा अजून कुंपणाशी तसाच आहे. रविवारी ती सोसायटीच्या मिटिंगमध्ये बोलणार आहे, पोरांनाही बोलावलंय. पाटीवर ‘होळीसाठी नाही, आत अळ्या आहेत’ एवढंच लिहायचं ठरलंय. खड्डे घ्यायच्या दिवशी तुम्ही याल का? ती तुमच्यासाठी भाकरी-पिठलं करून ठेवणार आहे.