लोंबत्या चेरी टोमॅटोला खत कोणतं आणि किती? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहते, चौथा मजला, पूर्वेची गॅलरी. साडेबारापर्यंत चांगलं ऊन येतं. ऑनलाइन 'टंबलिंग टॉम' या लोंबत्या चेरी टोमॅटोचं बी मिळालं, ते दिवाळीनंतर लावलं. आता बारा इंची टांगत्या कुंडीत दोन रोपं आहेत आणि ग्रिलला अडकवलेल्या पाच लिटरच्या डब्यात एक. ग्रिलवर वजन नको म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत, जरा माती आणि मूठभर निंबोळी पेंड. दर रविवारी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम.

झाडं दिसायला झकास! पानं काळपट हिरवी, फांद्या कुंडीबाहेर लोंबतायत. पण फुलं कमी, आणि जी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग. डब्यातल्या झाडाला जास्त. शेजारच्या काकू म्हणतात कीड आहे, फवारा मारा. सासूबाई म्हणतात ताक घाल. खत बदलू का? बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब) काढायच्या का? अंड्याची टरफलं बरीच साठवली आहेत, ती चालतील?

पाणी रोज सकाळी एक तांब्या. त्याहून जास्त घातलं की खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं आणि बेल वाजते.

प्रतिसाद १

ताई, फवारा ठेवून द्या, ही कीड नाही. बुडाचा काळा डाग म्हणजे ब्लॉसम एंड रॉट. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही तेव्हा होतो. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे कुंडी दुपारी खडखडीत आणि सकाळी ओली असं चाललं तर कुंडीतल्या मिश्रणात असूनही फळाला मिळत नाही. फेब्रुवारीच्या उन्हात पाच लिटरच्या डब्याला एक तांब्या म्हणजे काहीच नाही. तुमचा खरा प्रश्न खताच्या आधी पाण्याचा आहे.

आता खत. १९:१९:१९ रोप वाढेपर्यंत ठीक. फुलं लागल्यावरही तेवढंच नत्र देत राहिलं की नुसता पाला माजतो, शिवाय कॅल्शियमची ओढाताण वाढते. ते बंद करून १३:०:४५ (नत्र कमी, पालाश जास्त) द्या, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, कुंडीतलं मिश्रण ओलं असतानाच. मधल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट, तेही एकच ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं खत) किंवा मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एका बादलीत कालवू नका, साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. स्वस्तातलं न धुतलेलं कोकोपीट असेल तर तेही कॅल्शियम धरून ठेवतं.

डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. बगलफुटींना हात लावू नका. ही झुडपी जात आहे, त्याच फांद्यांवर फळं येतात. बगलफूट काढायची ती काठीवर चढवायच्या उंच जातीची.

प्रतिसाद २

टरफलं या हंगामात उपयोगाची नाहीत, कुजायला फार वेळ घेतात. पुढच्या मिश्रणात बारीक पूड करून घाला. ताक सासूबाईंना प्यायला द्या 😀

रासायनिक नको असेल तर चमचाभर लाकडाची चाळलेली राख महिन्यातून एकदा. पालाश आणि चुना दोन्ही मिळतं. जास्त नको, मिश्रण अल्कधर्मी होतं. केळीच्या सालीच्या पाण्याचं कौतुक फार होतं, पण त्यात पालाश अगदीच थोडं उतरतं. आणि सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या फांद्या हलक्या हाताने हलवा, वारा कमी असेल तर फळधारणेला मदत होते.

प्रतिसाद १

राखेला माझा विरोध नाही, पण निम्मं कोकोपीट असलेल्या छोट्या डब्यात ती जपूनच. एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला की परागकण कामाचे राहत नाहीत, तेव्हा फुलं गळाली तर खत वाढवू नका. जे मिळायचं ते आत्ताच.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार, उद्याच १३:०:४५ आणते. पण ठिबकण्याचं काय करू? कुंडीला खाली ताटली बांधली तर पाणी साचून मुळं कुजतील ना?

प्रतिसाद २

कुंडी आकड्यावरून काढा, बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग टांगा. डबाही तसाच. संध्याकाळी अर्धा तांब्या वरून, वर नारळाच्या शेंड्यांचा थर. तेवढं ठिबकत नाही.