‘बेळगावात अल्पवयीन गुन्हेगारी वाढली’ म्हणतात. तपासायचं कसं?

अनगोळ_नाका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सध्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एकच सूर लागलाय: पोरं हाताबाहेर गेली, कायदा त्यांना दुसऱ्या दिवशी सोडतो, अठराचं वय सोळावर आणा. सोबत पुण्यातल्या कोयत्याच्या क्लिप, आणि कुठल्यातरी सीसीटीव्हीतले चेहरे गोल करून दाखवलेले. गल्लीच्या मंडळातर्फे पोलीस आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा सहीसाठी फिरतोय. त्यात दोन मुख्य मागण्या आहेत. रात्री दहानंतर अठराखालच्या मुलांना चौकात बसायला बंदी करावी, आणि ‘त्या’ मुलांचे फोटो गल्लीच्या फलकावर लावायला मंडळाला परवानगी द्यावी.

मला विचारायचंय ते असं. वाढ खरंच आहे की नुसता गलबला, हे कशावरून ठरवायचं? ‘कायदा सोडून देतो’ यात तथ्य किती? आणि भीती अशी एकदम का उसळते? जाणकारांनी नेमकं सांगावं, ‘संस्कार कमी पडले’ हे ऐकून झालंय.

आकडेमोड

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशभरात अल्पवयीन आरोपी असलेली ३०,५५५ प्रकरणं आहेत. २०२१ मध्ये ती ३१,१७० होती, म्हणजे थोडी घटच. त्याच वर्षी देशातले एकूण दखलपात्र गुन्हे ५८,२४,९४६. भागाकार करा, हजारात पाच-सव्वापाच निघतात. ताब्यात घेतलेल्या ३७,७८० मुलांपैकी २९,६९० जण १६ ते १८ वयाचे होते.

आता फॉरवर्ड. ‘अल्पवयीन गुन्ह्यांत बेळगाव अमुक नंबरवर’ असं एनसीआरबीचं नाव घालून आलं तर तिथंच थांबा. त्यांचा शहरांचा तक्ता २० लाखांवरच्या शहरांचा असतो. त्यात पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरू आहेत. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत असलेलं बेळगाव त्यात येतच नाही.

दुसरी गफलत हद्दीची. शहर आयुक्तालय वेगळं आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांची हद्द वेगळी. निपाणी, गोकाक, अथणी, खानापूर ही दुसऱ्या खात्यात जातात. एका वर्षी फक्त शहराचा आकडा घ्यायचा, पुढच्या वर्षी अख्ख्या जिल्ह्याचा, की ‘दुप्पट वाढ’ तयार! लहान आकड्यांचीही तीच गत. चाराचे आठ झाले तरी शंभर टक्के वाढच छापून येते.

तिसरी सगळ्यांत फसवी. बाल न्याय नियम २०१६ मधल्या नियम ८ नुसार गुन्हा अतिगंभीर असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असतील तरच एफआयआर होतो. बाकी सगळं ठाण्याच्या डायरीत आणि नमुना १ मधल्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालात. म्हणजे नोंदी किती होणार हे बरंचसं ठाण्याच्या उत्साहावर अवलंबून. ‘विशेष मोहीम’ निघाली की जास्त पोरं अडवली जातात, डायरी फुगते, आणि मोहीम का हवी याचा पुरावा म्हणून तीच डायरी पुढं केली जाते.

चव्हाटगल्ली

भीती का उसळते, याची यंत्रणा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी उकलून ठेवलीय. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ पोरांची हाणामारी झाली. दिवस थंडीपावसाचा, दुकानं बरीचशी बंद, पोरांना करायला काही नाही. ९७ जणांना पकडलं. वृत्तपत्रांत दहशतीचे मथळे आले. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञानं नंतर बातम्या आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवून पाहिल्या. किनाऱ्यावरच्या ‘नृत्यगृहांच्या’ खिडक्या फोडल्याचं छापलं होतं. गावात नृत्यगृह होतं एकच, आणि फुटल्या होत्या त्याच्या काही काचा.

त्याच्या मते पहिल्या फेरीतच तीन गोष्टी होतात: घडलेलं फुगवणं, ‘आता हे पुन्हा होणार’ असं भाकीत, आणि कपडे-केस-गाडी यांना गुन्ह्याची खूण बनवणं. तिसरी सगळ्यांत चिवट. आपल्याकडं ती खूण म्हणजे रंगवलेले केस आणि सायलेन्सर काढलेली बाईक. एकदा खूण पक्की झाली की तसं दिसणारं प्रत्येक पोर अडवलं जातं. वारंवार अडवलेलं पोर चिडतं, वाद घालतं, आणि मग ‘पोलिसांशी हुज्जत’ ही नवीन नोंद होते.

बेळगावात याला एक स्थानिक पीळ आहे. मराठी घरांतले चॅनल पुण्या-मुंबईचे. हडपसरमधला कोयता रात्री नऊला शहापूर-वडगावच्या हॉलमध्ये येतो, आणि सकाळी कट्ट्यावर त्याची चर्चा ‘आपल्या’ पोरांबद्दल होते. उलट आपल्याच पोलीस हद्दीत काय घडलं याची तपशीलवार बातमी बऱ्याचदा कन्नडमध्ये असते, ती या ग्रुपांवर पोचतच नाही. भीती आयात, माहिती अर्धवट. भाषेच्या वादाचे दिवस असले तर विचारूच नका. दोन्हीकडच्या ग्रुपवर समोरच्या भाषेची पोरं ‘टोळी’ होतात आणि आपली ‘कार्यकर्ते’.

मथळा हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. नेमकी पोरं किती? सोबत प्रौढ किती? आणि ‘अल्पवयीन’ हे कागदावर ठरलं की बघून? ‘अल्पवयीनांच्या टोळीचा हैदोस’ या पाच सेंटीमीटरच्या बातमीत खाली वाचलं की दोन सतरा वर्षांची मुलं, एक बावीस वर्षांचा म्होरक्या आणि एका रिक्षाची काच, असा ऐवज निघू शकतो. बावीसवाला मथळ्यात नसतो.

‘राक्षसी पोरांची पिढी येतेय’ हे अमेरिकेतही १९९५ मध्ये जॉन डिइउलिओ नावाच्या प्राध्यापकानं सांगितलं होतं. राज्याराज्यांतून मुलांना प्रौढांच्या कोर्टात पाठवणारे कायदे कडक झाले. त्याच सुमारास अमेरिकेतली बालगुन्हेगारी घसरायला लागली होती आणि घसरतच गेली. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे अल्पवयीनांच्या सक्तीच्या आजन्म कैदेविरुद्ध जे निवेदन गेलं, त्यावर याच गृहस्थांची सही होती.

आपल्या इतिहासात तर अख्ख्या जमातींवर शिक्का मारून झालाय. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १८९७ च्या दुरुस्तीनं ४ ते १८ वयाची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची सोय केली. सोलापूर, हुबळी, विजापूरला अशा वसाहती होत्या. कायदा १९५२ मध्ये गेला. चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीतल्या पोरांची नावं निघतात ते बघा, म्हणजे काय उरलंय ते कळेल.

खानापूर_वकील

कायद्याचं बघू. ‘अठराचं सोळा करा’ म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं ते बऱ्याच अंशी केलंय. क्रम लक्षात घ्या. डिसेंबर २०१२ ची दिल्लीची सामूहिक बलात्काराची घटना. जानेवारी २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीनं सांगितलं, वय उतरवू नका. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नकार दिला. २० डिसेंबर २०१५ ला त्यातला अल्पवयीन तीन वर्षं पूर्ण करून सुटला, आणि २२ डिसेंबरला राज्यसभेत विधेयक मंजूर! १५ जानेवारी २०१६ पासून लागू.

गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत. किरकोळ म्हणजे कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत. साधी चोरी आणि सोनसाखळी खेचणंही यातच. गंभीर, यात घरफोडीतली चोरी. आणि अतिगंभीर म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त, उदा. खून. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान ठरलेली नाही, म्हणून तो ‘गंभीर’मध्ये. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आणि २०२१ ची दुरुस्ती दोन्ही आहेत. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या २०२४ च्या मोटार प्रकरणात लोक खवळले ते जामिनाच्या अटीतल्या ३०० शब्दांच्या निबंधावर. पण त्या मुलाला प्रौढ धरायचं की नाही, हा पुढचा वाद याच किमान-कमाल शिक्षेवर अडला होता.

अतिगंभीर गुन्हा आणि वय १६ ते १८ असेल तर कलम १५ खाली, प्रौढ म्हणून खटला चालवायचा का याचं प्राथमिक मूल्यमापन होतं. ते करणाऱ्या बाल न्याय मंडळावर बालमानसशास्त्राचा वा बालमानसोपचाराचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञ घ्यावाच लागतो, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. ते ज्या प्रकरणात सांगितलं ते गुरुग्रामच्या शाळेतल्या २०१७ च्या खुनाचं. तिथं लोकक्षोभात आधी बसच्या कंडक्टरला पकडलं होतं. कॅमेऱ्यापुढं कबुलीही झाली. दोन महिन्यांनी सीबीआयनं अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं.

‘दुसऱ्या दिवशी सोडला’ हे कलम १२. जामीन हा नियम. तो नाकारायचा तर सराईतांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला वा मनाला धोका आहे, किंवा न्यायाला बाधा येईल, यांपैकी काहीतरी कारण लेखी हवं. सुटला म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यानं दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा, चौकशी चार महिन्यांत संपवायची, गरज पडली तर दोन महिने वाढ.

सीमाभागात घोळ होतो तो कागदाचा. नमुना १ कन्नडमध्ये भरला जातो. ‘संगत’, ‘सवयी’, ‘गुन्ह्याचं कारण’ हे रकाने मराठी आईबापांना न वाचून दाखवता सही घेतली, तर पुढं तोच अहवाल जामिनाला आडवा येतो. कार्यवाहीची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषा देणं कलम ८ खाली बाल न्याय मंडळाचं काम आहे. पहिल्याच तारखेला मागा. वयासाठी कलम ९४ चा क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार या यादीत नाही. मुलगा चंदगड-गडहिंग्लजचा असेल तर कलम ९५ खाली त्याच्या जिल्ह्यातल्या बाल न्याय मंडळाशी सल्लामसलत करून तिकडं पाठवता येतो. वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००.

फोटोंबद्दल: कलम ७४. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही, कुठल्याही माध्यमात द्यायचं नाही. ग्रुप आणि फलक दोन्ही आले. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीसही अशी परवानगी देऊ शकत नाहीत. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आणि ग्रुपचा ॲडमिन दोघांनी हे नीट वाचावं.

निपाणी_लाईन

सगळं ‘नुसती भीती’ म्हणून झटकू नका ओ. दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि गलबल्यात त्याच बुडतात.

एक, पोरांना पुढं करणारे मोठे. गांजाची पुडी असो वा गोव्याची दारू, पोचवायला वा विकायला पोराच्या हातात दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बेकायदा कामाला पोर वापरलं तर कलम ८३, तिथंही सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. तक्रार देताना पोराचंच नाव देऊन थांबतात लोक. माल कुणी दिला हे लिहायला लावा, आणि कलमाचा उल्लेख करा.

दुसरी पळून जाण्याची प्रकरणं. सतरा वर्षांचा मुलगा, सोळा-सतराची मुलगी. २०१२ च्या पॉक्सोनं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं) संमतीचं वय १८ केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक संबंधाच्या कलमात किमान शिक्षाच दहा वर्षं. म्हणजे हे प्रकरण थेट ‘अतिगंभीर’मध्ये, खुनाच्या रांगेत. मग तक्त्यात ‘अल्पवयीनांचे लैंगिक गुन्हे’ वाढलेले दिसतात. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आपल्याच धारवाड खंडपीठानं नोव्हेंबर २०२२ मध्ये विधी आयोगाला या वयाचा फेरविचार करायला सुचवलं होतं. आयोगानं २०२३ मध्ये वय बदलू नये असं सांगितलं, पण १६ ते १८ च्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक द्यावी अशी शिफारस केली.

अनगोळ_नाका

आभारी आहे सगळ्यांचा. फोटोची मागणी काढायला लावतो. दहानंतरच्या बंदीचं काय? आणि माहिती अधिकारात अर्ज मराठीत चालेल का?

खानापूर_वकील

चौकात बसणं हा गुन्हा नाही. जमावबंदीचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, तो विशिष्ट धोक्यापुरता आणि सहसा दोन महिन्यांच्या आत. ‘अठराखालचे सगळे, कायमचे’ असं त्यात बसत नाही. त्याऐवजी निवेदनात मागा: प्रत्येक ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर ठाण्याबाहेर लावावा, आणि नमुना १ भरताना मराठी वाचून दाखवणारा माणूस असावा.

आकडेमोड

मराठीत नको. माहिती अधिकार कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो, म्हणजे इथं कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. कर्नाटकात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. दोन अर्ज करा, एक आयुक्तालयाला, एक जिल्हा अधीक्षकांना. २०१९ पासून वर्षवार मागा: एफआयआर किती, नमुना १ किती, किरकोळ-गंभीर-अतिगंभीर असे वेगळे, प्रौढांसोबतची प्रकरणं वेगळी, पॉक्सो वेगळं. नावं, गावं, शाळा काही मागू नका, त्या कारणानं अर्ज परत येईल. उत्तराला ३० दिवस. बाल न्याय मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी घेतात, त्याचे आकडे तिसऱ्या अर्जात. निवेदन तोवर थांबवता आलं तर बघा.