मदत हवी आहे: ओपनजेडीकेचा झिरो व्हेरियंट बिल्ड होत नाही

रात्रपाळी: ओपनजेडीके (जावाचा मुक्त-स्रोत संच, थोडक्यात जेडीके) सोर्सवरून बिल्ड करतोय. त्यातल्या जावा मशिनचा सर्व्हर हा नेहमीचा व्हेरियंट (प्रकार) नीट बिल्ड होतो, पण झिरो हा दुसरा जोडला की कॉन्फिगर (बिल्डआधीची तपासणी-मांडणी) मान टाकतं. लॅपटॉपला सर्व्हर, बोर्डाला (वेगळ्या प्रोसेसरचा छोटा संगणक) झिरो, एवढंच हवंय. उद्या बोर्डाची इमेज (त्यावर टाकायची तयार सिस्टिम) द्यायची आहे. कुणी केलंय का?

कंपायलरकाका: मान टाकतं म्हणजे नेमकं काय म्हणतं? जेडीकेची आवृत्ती कोणती? प्रोसेसर कोणता? कमांड द्या.

रात्रपाळी: व्हेरियंटमध्ये 'सर्व्हर,झिरो' दिलंय. बाकी नेहमीचंच.

कंपायलरकाका: तिथेच घोडं अडलंय. एका कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हर, क्लायंट, मिनिमल हेच व्हेरियंट एकत्र चालतात. झिरो एकटाच द्यावा लागतो. कॉन्फिगर दोनदा चालवा, दोन्हींना वेगळं कॉन्फ-नेम (कॉन्फिगरेशनचं नाव) द्या. आणि प्रोसेसर अजून सांगितला नाहीत.

बिटबहाद्दर: पण झिरो कशाला? जेआयटी (चालताना कोड मशिनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) नाही, निव्वळ इंटरप्रिटर (एकेक सूचना वाचून चालवणारा). गोगलगाय आहे ती.

रात्रपाळी: बोर्डाचा प्रोसेसर रिस्क-व्ही ६४, जेडीके १७. झिरो एकटा दिला. आता म्हणतं लिबएफएफआय ही लायब्ररी सापडत नाही. अहो, इन्स्टॉल आहे!

बिटबहाद्दर: मग १९ वर या की. जेईपी (जेडीकेतला बदल-प्रस्ताव) ४२२ पासून रिस्क-व्हीचा पोर्ट (त्या प्रोसेसरसाठीचा कोड) मूळ सोर्समध्येच आहे, सी१ आणि सी२ या जेआयटी कंपायलरांसकट.

रात्रपाळी: आवृत्ती माझ्या हातात नाही. लिबएफएफआयचं सांगा.

आभासी: क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) रिस्क-व्हीचं डेबियन लिनक्स उभं करा, आतच बिल्ड मारा. क्रॉस बिल्डची (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी बिल्ड) कटकटच नको.

कंपायलरकाका: आणि जावासी (जावाचा कंपायलर) सुद्धा एम्युलेट होत रांगत बसणार. उद्या द्यायचंय त्यांना! क्यूईएमयू सिसरूट (बोर्डासाठीच्या लायब्ररी आणि हेडरचं फोल्डर) बनवण्यापुरतं वापरा.

रात्रपाळी, तुमच्याकडे आहे ती लॅपटॉपच्या प्रोसेसरची लिबएफएफआय. नेटिव्ह कॉलसाठी (जावाबाहेरचा कोड चालवायला) झिरोला ती लागते, सर्व्हरला नाही, म्हणून तो गुपचूप झाला. सिसरूटमध्ये रिस्क-व्हीचं लिबएफएफआय-डेव्ह पॅकेज टाका. नुसता विथ-लिबएफएफआय हा पर्याय देऊन भागणार नाही, लायब्ररीसाठी तो दिलेल्या पाथला फक्त 'लिब' जोडतो. डेबियनमध्ये फाइल असते यूएसआर/लिब/रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयूमध्ये. विथ-लिबएफएफआय-लिब आणि विथ-लिबएफएफआय-इन्क्लूड हे दोन्ही वेगवेगळे द्या.

आभासी: माझं तर क्यूईएमयूमध्ये रात्रभरात झालं होतं.

बिटबहाद्दर: रात्रभर! हेच तर काका म्हणतायत.

रात्रपाळी: बूट जेडीके (बिल्ड करायला लागणारा तयार जेडीके) बोर्डाचा द्यायचा का?

कंपायलरकाका: नाही हो. तो बिल्ड करणाऱ्या मशिनवर पळतो. लॅपटॉपचाच द्या, १७ साठी १६ किंवा १७.

जुनंखोड: ३२-बिट एक्स८६चं कुणीच बोलत नाही. जेडीके २५ मध्ये तो पोर्ट काढलाय, जेईपी ५०३ वाचा. तिथे आता झिरोच उरलाय. माझ्याकडे अजून एक जुनं मशिन चालू आहे.

बिटबहाद्दर: जुनंखोड, धाग्याचा विषय काय, तुम्ही सांगताय काय!

रात्रपाळी: कॉन्फिगर पार पडलं, मेक (प्रत्यक्ष बिल्ड) चालू आहे. बोर्डाच्या इमेजमध्ये लिबएफएफआय नाहीये, चालेल ना?

कंपायलरकाका: नाही चालणार. मेक थांबवा. एनेबल-लिबएफएफआय-बंडलिंग देऊन पुन्हा कॉन्फिगर करा, म्हणजे जेडीकेसोबतच जाईल.